भिंत समोरून दिसते, मागून गायब! थ्रीडी ग्राफिक्समधला बिंदूंचा क्रम आणि 'फेस कलिंग' म्हणजे काय?

मोबाइलवर गेम खेळताना कधीतरी कॅमेरा चुकून भिंतीत घुसतो आणि ती भिंतच नाहीशी होते. पलीकडचा रस्ता, झाडं, आकाश, सगळं आरपार दिसायला लागतं. कॅमेरा एखाद्या पात्राच्या डोक्यात शिरला तर चेहरा गायब होतो आणि हवेत तरंगणारे दोन डोळे व दातांच्या ओळी तेवढ्या उरतात. अशा क्लिप सोशल मीडियावर 'ग्लिच' म्हणून फिरतात आणि लोक पोट धरून हसतात.

कॅमेरा तिथे जायला नको होता, हे खरं. पण भिंत गायब होणं हा बहुतेक वेळा बिघाड नसतो. ग्राफिक्स चिपला तसा हुकूमच दिलेला असतो: जी बाजू पाठमोरी आहे ती काढू नकोस. या हुकमाला 'फेस कलिंग' म्हणतात. आणि बाजू पाठमोरी आहे की नाही हे चिप ठरवते ते फक्त एका गोष्टीवरून: त्या पृष्ठाचे तीन कोपरे तिला कोणत्या क्रमाने सांगितले होते.

हा क्रम गेमपुरताच महत्त्वाचा आहे असं नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीच्या आसपास कोळशाच्या खुल्या खाणी आहेत. तिथल्या मातीच्या ढिगाऱ्याचं थ्रीडी मॉडेल बनवलं आणि 'यात माती किती घनमीटर?' असं विचारलं, तर येणारं उत्तरही याच क्रमावर उभं असतं. गेममध्ये क्रम चुकला तर भोक दिसतं. मोजमापात चुकला तर काहीच दिसत नाही, फक्त आकडा चुकतो. म्हणून हा विषय मुळापासून समजून घेण्यासारखा आहे.

थ्रीडी मॉडेल कशाचं बनलेलं असतं?

त्रिकोणांचं. गेममधला डोंगर, गाडी, माणसाचा चेहरा, सगळं लहान लहान त्रिकोणांची जाळी असते. तिला 'मेश' म्हणतात. त्रिकोणाच्या प्रत्येक कोपऱ्याला 'व्हर्टेक्स' म्हणजे शिरोबिंदू आणि त्रिकोणाच्या सपाट पृष्ठाला 'फेस' म्हणतात.

त्रिकोणच का? कारण कोणतेही तीन बिंदू घेतले तरी ते एकाच सपाट पातळीत बसतात. चार पायांचं स्टूल ओबडधोबड जमिनीवर डुगडुगतं, तीन पायांची तिवई डुगडुगत नाही. तोच हा न्याय. चौकोनाचा एक कोपरा जरा वर उचलला की तो सपाट राहत नाही. त्रिकोणाच्या बाबतीत ही भानगडच नाही.

फाइलमध्ये साधारणपणे दोन याद्या असतात. पहिली यादी बिंदूंची: कोणता बिंदू कुठे आहे. दुसरी यादी त्रिकोणांची: कोणते तीन बिंदू जोडायचे. साध्या ठोकळ्याला ८ बिंदू पुरतात. त्याच्या ६ बाजूंचे प्रत्येकी दोन याप्रमाणे १२ त्रिकोण होतात. ठिपक्यांच्या रांगोळीत आधी ठिपके आणि मग रेषा असतात, तसंच हे.

एक गोष्ट लक्षात ठेवायची. या त्रिकोणाला जाडी नसते. ठोकळा आतून भरीव नसतो, ते नुसतं टरफल असतं. 'आत' आणि 'बाहेर' म्हणजे काय, हे त्या याद्यांमध्ये शब्दांत कुठेही लिहिलेलं नसतं.

मग पुढची बाजू कोणती हे कसं ठरतं?

काचेवर एक घड्याळ रंगवलंय आणि त्याचे काटे फिरताहेत अशी कल्पना करा. समोरून पाहिलं तर काटे नेहमीसारखे फिरतात. काचेच्या मागे जाऊन पाहिलं तर तेच काटे उलटे फिरताना दिसतात. घड्याळ बदललं नाही, बघणारा बाजू बदलून उभा राहिला. दुकानाच्या काचेवर लिहिलेली पाटी आतून उलटी दिसते, त्याचं कारणही हेच.

त्रिकोणाचं नेमकं हेच होतं. अ, ब, क हे तीन बिंदू याच क्रमाने बोटाने जोडत गेलं तर बोट एका दिशेने फिरतं. समजा, एका बाजूने बघताना ते घड्याळाच्या काट्याच्या विरुद्ध दिशेने फिरलं. त्याच त्रिकोणाच्या मागे जाऊन बघितलं तर तेच बोट काट्याच्या दिशेने फिरताना दिसेल. म्हणजे बोट कोणत्या दिशेने फिरतं हे कळलं की बघणारा कोणत्या बाजूला उभा आहे हेही कळतं.

या फिरण्याच्या दिशेला ग्राफिक्सच्या भाषेत 'वाइंडिंग ऑर्डर' म्हणतात. प्रोग्रामर आधी एक नियम ठरवतो. उदाहरणार्थ, 'जो त्रिकोण मला काट्याच्या विरुद्ध फिरताना दिसेल, त्याची पुढची बाजू माझ्याकडे आहे.' मग मॉडेलमधला एकूण एक त्रिकोण बाहेरून बघताना विरुद्ध दिशेनेच फिरेल अशा बेताने लिहायचा.

तीन बिंदू सहा प्रकारे लिहिता येतात. अ-ब-क, ब-क-अ आणि क-अ-ब हे तिन्ही एकाच दिशेने फिरतात, फक्त सुरुवात वेगळ्या कोपऱ्यातून होते. अ-क-ब, क-ब-अ आणि ब-अ-क हे तिन्ही उलट दिशेने फिरतात. थोडक्यात, सुरुवात कुठूनही करा, चालतं. पण कोणत्याही दोन बिंदूंची अदलाबदल केली की त्रिकोण पालथा होतो.

चिप हे कसं ओळखते?

चिपला डोळे नाहीत आणि बोटही नाही. ती एक छोटासा हिशेब करते. शाळेत आलेखावर बिंदू मांडणाऱ्या कोणालाही तो जमेल.

पडद्यावर तीन बिंदू आहेत असं समजा: अ (०, ०), ब (४, ०) आणि क (०, ३). आडवा आकडा उजवीकडे वाढतो, उभा आकडा वर वाढतो.

पहिली पायरी: अ पासून ब किती आडवा आणि किती उभा दूर आहे ते काढा. इथे ४ आणि ०.
दुसरी पायरी: अ पासून क किती दूर ते काढा. इथे ० आणि ३.
तिसरी पायरी: तिरका गुणाकार करून वजा करा. (४ × ३) − (० × ०) = १२.

उत्तर धन आलं, म्हणजे त्रिकोण काट्याच्या विरुद्ध दिशेने फिरतो. आता ब आणि क यांची अदलाबदल करा आणि तोच हिशेब पुन्हा करा: (० × ०) − (३ × ४) = −१२. उत्तर ऋण आलं, म्हणजे त्रिकोण काट्याच्या दिशेने फिरतो.

या १२ चं निम्मं, म्हणजे ६, हे त्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ आहे. म्हणजे एकाच हिशेबात दोन गोष्टी कळतात. आकडा क्षेत्रफळ सांगतो आणि चिन्ह बाजू सांगतं. उत्तर शून्य आलं तर त्रिकोण कडेवरून दिसतोय किंवा तिन्ही बिंदू एकाच रेषेत आहेत. काढण्यासारखं काहीच नाही.

दोन गुणाकार आणि काही वजाबाक्या. चिपसाठी हे काम इतकं स्वस्त आहे की प्रत्येक फ्रेममध्ये लाखो त्रिकोणांसाठी ती ते सहज करते.

कलिंग म्हणजे नेमकं काय?

'कल' करणं म्हणजे नको ते निवडून बाजूला काढणं. घरात तांदूळ निवडताना खडे बाजूला काढतात, तसं. पाठमोरे त्रिकोण चिप आधीच बाजूला काढते आणि त्यांच्यावर पुढचं काम करत नाही.

बचत किती होते? ठोकळा हातात धरून बघा. कसाही फिरवला तरी त्याच्या ६ पैकी जास्तीत जास्त ३ बाजू एका वेळी दिसतात. म्हणजे १२ पैकी किमान ६ त्रिकोण पाठमोरेच असतात. चेंडू जवळून पाहिला तर त्याचा निम्म्याहूनही कमी भाग दिसतो. कोणतंही बंद मॉडेल घेतलं तर साधारण निम्मे त्रिकोण असे गाळले जातात.

ही गाळणी कुठे लागते हेही महत्त्वाचं आहे. त्रिकोणाचे कोपरे पडद्यावर कुठे येणार हे काढून झाल्यावरच तो कोणत्या दिशेने फिरतो ते कळतं. त्यामुळे कोपऱ्यांचं काम सहसा वाचत नाही. वाचतं ते त्यापुढचं: त्रिकोणाचे पिक्सेल भरणं, त्यावर रंग, प्रकाश आणि चित्र चढवणं. खरा खर्च बहुधा इथेच असतो. मोबाइलवर हे काम वाचलं की बॅटरी कमी खर्च होते आणि फोन कमी तापतो.

इथे एक शंका येते. मागची बाजू पुढच्या बाजूने झाकली जातेच, मग वेगळं गाळायची गरज काय?

झाकायचं काम 'डेप्थ बफर' करतो. प्रत्येक पिक्सेलवर आतापर्यंतची सगळ्यात जवळची वस्तू किती दूर आहे, याची तो नोंद ठेवतो. नवा त्रिकोण त्याच्या मागे असेल तर तो नाकारला जातो. पण मागचा त्रिकोण आधी आला तर? तेव्हा नोंद रिकामी असते, म्हणून तो पूर्ण रंगवला जातो आणि नंतर पुढचा त्रिकोण त्याला झाकून टाकतो. सगळी मेहनत वाया. कलिंगमध्ये ही वेळच येत नाही, कारण पाठमोरा त्रिकोण कोणाशीही तुलना न करता बाद होतो.

उलट बाजूने बघितलं तर एकट्या कलिंगनेही भागत नाही. दोन घरं एकामागे एक असतील तर मागच्या घराची समोरची भिंत तुमच्याकडेच तोंड करून असते. ती कलिंगमध्ये बाद होत नाही, तिला डेप्थ बफरच झाकतो. दोघांची कामं वेगळी आहेत.

ही कल्पना किती जुनी?

लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी १९६३ मध्ये एमआयटीतल्या आपल्या पीएच.डी. संशोधनात घनाकृतींच्या लपलेल्या रेषा कॉम्प्युटरने कशा काढून टाकायच्या, याची पद्धत दिली. इंटरनेटचा पूर्वज मानल्या जाणाऱ्या अर्पानेटच्या उभारणीत पुढे ज्यांचा मोठा वाटा होता, तेच हे रॉबर्ट्स. डेप्थ बफरची कल्पना १९७४ च्या सुमारास पुढे आली. ती मांडणाऱ्यांपैकी एक, एड कॅटमल, नंतर पिक्सार स्टुडिओचे सहसंस्थापक झाले.

डिसेंबर १९९४ मध्ये जपानमध्ये बाजारात आलेल्या पहिल्या प्लेस्टेशनमध्ये डेप्थ बफर नव्हता. पण त्रिकोण कोणत्या दिशेने फिरतो हे सांगणारी वर दिलेली वजाबाकी करण्यासाठी त्यात एक स्वतंत्र सूचना होती. त्या काळच्या तुटपुंज्या ताकदीत पाठमोरे त्रिकोण गाळणं किती गरजेचं होतं, हे त्यावरून कळतं.

नियम सगळीकडे एकच आहे का?

नाही, आणि बहुतेक डोकेदुखीचं मूळ इथेच आहे. वाहन डावीकडून चालवायचं की उजवीकडून हे जसं देशोदेशी वेगळं असतं, तसंच पुढची बाजू कोणत्या फिरण्याने ओळखायची हे प्रत्येक प्रणालीने आपापलं ठरवलंय.

ओपनजीएल (१९९२) आणि ब्राउझरमध्ये चालणारं वेबजीएल (२०११): न सांगता काट्याच्या विरुद्ध दिशा म्हणजे पुढची बाजू. कलिंग मात्र बंद असतं, ते आपण सुरू करावं लागतं.

डायरेक्टथ्रीडी (मायक्रोसॉफ्ट): न सांगता काट्याची दिशा म्हणजे पुढची बाजू. मागची बाजू गाळणं सुरूच असतं.

मेटल (ॲपल): काट्याची दिशा म्हणजे पुढची बाजू. कलिंग बंद.

व्हल्कन (२०१६): दोन्ही गोष्टी प्रोग्रामरने स्वतः सांगायच्या. शिवाय इथे पडद्याचा उभा आकडा खाली वाढतो. ओपनजीएलमधलं मॉडेल तसंच आणलं तर चित्र वरखाली होतं. ते सरळ करायला उभी दिशा उलटवली की सगळ्या त्रिकोणांची फिरण्याची दिशाही उलटते.

युनिटी आणि गोडॉ ही गेम इंजिनं: काट्याची दिशा म्हणजे पुढची बाजू.

जीएलटीएफ ही मॉडेलची फाइल आणि थ्रीडी प्रिंटिंगची एसटीएल फाइल: बाहेरून बघताना काट्याच्या विरुद्ध दिशा.

यातला कोणताही नियम दुसऱ्यापेक्षा बरोबर नाही. पण फाइल एका नियमाने लिहिली आणि दुसऱ्या नियमाने वाचली, तर मॉडेल आतलं बाहेर होतं. मग ठोकळ्याच्या समोरच्या भिंती गायब होतात आणि मागच्या भिंतींची आतली बाजू दिसते.

मॉडेलला भोकं का पडतात?

नियम माहीत असूनही चुका होतात. नेहमीची कारणं अशी.

आरशासारखं उलटवणं. गाडीचा डावा दरवाजा बनवला आणि उजव्यासाठी त्याची उलट प्रत केली. आरशात घड्याळ उलटं फिरताना दिसतं, तसं त्या प्रतीतले सगळे त्रिकोण उलटे फिरायला लागतात. एका अक्षात उलटवलं तर दिशा बदलते, दोन अक्षांत उलटवलं तर पुन्हा जागेवर येते, तिन्हीत उलटवलं तर परत बदलते. अशा वेळी पुढची बाजू उलटी धरायची, हे जीएलटीएफच्या नियमावलीत लिहूनच ठेवलंय. पण प्रत्येक हाताने लिहिलेला प्रोग्राम ते पाळेलच असं नाही.

पातळ वस्तू. कपाशीचं पान, झेंडा, साडीचा पदर. यांचं मॉडेल बहुधा एकाच थराचं असतं. कलिंग सुरू असेल तर पान वरून दिसतं आणि खालून गायब होतं. इथे 'दोन्ही बाजू दाखवा' ही सोय वापरणं योग्यच आहे.

काचेच्या वस्तू. बाटलीची मागची बाजू काचेतून दिसायला हवी. ती गाळली तर बाटली अर्धवट वाटते.

चुकीची दिशा तपासणं. स्वतः प्रोग्राम लिहिणारे कधी कधी कॅमेऱ्याचं तोंड कुठे आहे त्यावरून बाजू ठरवतात. खरं तर कॅमेऱ्यापासून त्या त्रिकोणापर्यंतची दिशा धरायला हवी. नाहीतर पडद्याच्या कडेला असलेले त्रिकोण अवेळी गायब होतात.

आणि काही आकारांत 'आत' आणि 'बाहेर' असं काही नसतंच. कागदाच्या पट्टीला एक पीळ देऊन टोकं चिकटवली की होणारी मोबियसची पट्टी हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. तिला एकच बाजू असते. तिच्यावर त्रिकोणांचा क्रम कसाही लावला तरी कुठेतरी तो जुळत नाही.

मुद्दाम उलटं केलं तर?

तर बऱ्याच युक्त्या साधतात. कार्टूनसारखी काळी किनार काढायची असेल तर मॉडेलची जराशी फुगवलेली प्रत घेतात, ती काळी रंगवतात आणि तिच्या पुढच्या बाजू गाळतात. उरलेला मागचा काळा भाग मूळ मॉडेलच्या कडेने डोकावतो आणि किनार तयार होते. 'गिल्टी गियर झर्ड' या गेममुळे ही पद्धत विशेष गाजली. गेममधलं आकाश म्हणजे कॅमेऱ्याभोवतीचा मोठा डबा असतो. तो आतून दिसावा म्हणून त्याचा क्रम आतल्या बाजूने लावतात.

वणीच्या ढिगाऱ्याशी याचा काय संबंध?

वणी वर्धा खोऱ्यातल्या कोळसा पट्ट्यात आहे. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या आणि नागपुरात मुख्यालय असलेल्या वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेड म्हणजे वेकोलिच्या उकणी, निलजई, मुंगोली अशा खुल्या खाणी या परिसरात आहेत. खुल्या खाणीत कोळशाआधी त्यावरची माती, मुरूम आणि खडक काढावा लागतो. त्याला 'ओव्हरबर्डन' किंवा नुसतं 'ओबी' म्हणतात. वणी परिसरात दूरवरून दिसणारे मातीचे कृत्रिम डोंगर म्हणजे हीच ओबी.

ओबी घनमीटरमध्ये मोजतात. एक टन कोळशासाठी किती घनमीटर माती हलवावी लागली, यावर खाणीचं अर्थकारण ठरतं. माती हलवण्याचं काम कंत्राटावर दिलेलं असेल तर देयकंही घनमीटरवर निघतात. पूर्वी ठरावीक ठिकाणच्या उंची घेऊन हे मोजमाप होई. आता लेझर स्कॅनर आणि ड्रोनने लाखो बिंदू मिळतात. ते जोडून त्रिकोणांची जाळी तयार होते आणि घनफळ त्या जाळीवरून काढलं जातं.

ते कसं निघतं? मघाचाच त्रिकोण घ्या, क्षेत्रफळ ६ चौरस मीटर. त्याच्या तीन कोपऱ्यांवर ढिगाऱ्याची उंची २, ३ आणि ४ मीटर आहे असं समजा. सरासरी ३ मीटर. या त्रिकोणाखालची माती ६ × ३ = १८ घनमीटर. असं प्रत्येक त्रिकोणाचं काढून बेरीज करायची.

आता गोम बघा. क्षेत्रफळ मघाच्या तिरक्या गुणाकारातून येतं आणि त्याला चिन्ह असतं. एका त्रिकोणाचे दोन बिंदू अदलाबदल झाले तर त्याचं क्षेत्रफळ −६ येतं आणि माती −१८ घनमीटर. ढिगाऱ्याचे असे चार त्रिकोण धरले तर खरी बेरीज ७२ घनमीटर. त्यातला एक उलटा असेल तर ५४ − १८ = ३६. चारपैकी एक त्रिकोण चुकला आणि माती निम्मी झाली. कारण उलटा त्रिकोण आपली माती मोजत नाही, एवढंच नव्हे, तर तो तेवढीच दुसऱ्याची वजाही करतो. नुकसान दुप्पट.

मोठ्या मॉडेलमध्ये हे जास्त फसवं होतं. सारख्या घनफळाच्या १,००० त्रिकोणांपैकी १० उलटे असले तर बेरीज ९८० त्रिकोणांइतकी येते, म्हणजे २ टक्के कमी. १० लाख घनमीटरच्या ढिगाऱ्यात हा फरक २०,००० घनमीटरचा. सगळेच त्रिकोण उलटे असते तर उत्तर उणे आलं असतं आणि कोणाच्याही लक्षात आलं असतं. २ टक्क्यांचा फरक कोणाला खटकत नाही.

सर्वेक्षणाची चांगली सॉफ्टवेअर्स जमिनीची जाळी स्वतः तयार करताना सगळे त्रिकोण एकाच दिशेने लावून घेतात. धोका असतो तो मॉडेल एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेताना, दोन जाळ्या हाताने जोडताना, किंवा स्वतः लिहिलेल्या छोट्या प्रोग्रामने घनफळ काढताना. खड्डा, पाण्याची टाकी, गावतळं, थ्रीडी प्रिंटिंगला लागणारा माल, सगळ्या बंद मॉडेलांना हेच लागू आहे.

'दोन्ही बाजू दाखवा': इलाज की झाकण?

मॉडेलला भोकं दिसली की इंटरनेटवर सगळ्यात आधी मिळणारा सल्ला असतो, 'कलिंग बंद करा' किंवा 'दोन्ही बाजू दाखवा.' एका क्लिकमध्ये भोकं बुजतात आणि मॉडेल छान दिसतं.

पानासाठी आणि झेंड्यासाठी हा सल्ला बरोबर आहे. ढिगारा, भिंत, यंत्राचा भाग अशा बंद वस्तूसाठी मात्र ते नुसतं झाकण आहे. त्रिकोण उलटाच राहतो, फक्त दिसेनासा होतो. त्याच्यावरचा प्रकाश चुकीचा पडू शकतो, प्रिंटिंगच्या सॉफ्टवेअरला आतबाहेर ओळखताना अडचण येते आणि घनफळात वजाबाकी चालूच राहते.

म्हणून जे मॉडेल मोजण्यासाठी वापरायचं आहे, ते एकदा तरी कलिंग सुरू ठेवून चारही बाजूंनी फिरवून बघावं. गेममध्ये त्रासदायक वाटणारं भोक इथे उपयोगाचं आहे. हिशेबात न दिसणारी चूक ते डोळ्यांना दाखवतं.

तपासायचं कसं?

१. डोळ्यांनी: ब्लेंडर हे सॉफ्टवेअर मोफत आहे. त्यात 'फेस ओरिएंटेशन' सुरू केलं की उलटे त्रिकोण लाल दिसतात. एडिट मोडमध्ये सगळं निवडून शिफ्ट आणि एन दाबलं की ते सगळे त्रिकोण बाहेरच्या दिशेने लावायचा प्रयत्न करतं. गुंतागुंतीच्या किंवा उघड्या मॉडेलवर ते चुकू शकतं, म्हणून नंतर पुन्हा बघावं.

२. कडेवरून: शेजारशेजारच्या दोन त्रिकोणांची एक कड सामाईक असते. एकाने ती ब कडून क कडे लिहिली असेल, तर दुसऱ्याने क कडून ब कडे लिहायला हवी. अ-ब-क च्या शेजारी क-ब-ड बरोबर, ब-क-ड चूक. ही तपासणी छोटा प्रोग्राम क्षणात करतो.

३. चिन्हावरून: बंद मॉडेलचं घनफळ चिन्हासकट काढा. संपूर्ण उत्तर उणे आलं तर सगळं मॉडेल पालथं आहे. सगळ्या त्रिकोणांतले दोन-दोन बिंदू अदलाबदल करा, काम झालं.

४. जमिनीच्या जाळीसाठी: वरून बघताना प्रत्येक त्रिकोणाच्या क्षेत्रफळाचं चिन्ह सारखंच यायला हवं. एक जरी वेगळं आलं तरी बेरीज करण्याआधी तो त्रिकोण शोधा.

नवशिक्यांनी पहिला प्रयोग म्हणून ठोकळाच घ्यावा. ८ बिंदू आणि १२ त्रिकोण वहीत हाताने लिहावेत, कलिंग सुरू करावं आणि एकाच त्रिकोणाचे दोन बिंदू मुद्दाम अदलाबदल करावेत. ठोकळ्याला त्रिकोणी खिडकी पडलेली दिसेल. मग त्याच ठोकळ्याचं घनफळ काढून बघावं. खिडकी का पडली आणि आकडा का घसरला, या दोन्हींचं उत्तर एकाच ओळीत सापडेल.